न ऐकूं येणारी हांक

बार्शीची संध्याकाळ ऐकण्याजोगी असते. भगवंताच्या देवळांतील घंटा, बाजारांतून परतणाऱ्या गाड्यांचे कर्णे, पिंपळावर मुक्कामास आलेल्या साळुंक्यांचा कलकलाट आणि शेजारच्या परसांत भांडीं घासल्याचा आवाज, असा मेळ दिवेलागणीच्या सुमारास जमतो. वृद्ध मंडळी ह्या मेळांतील आणखी एका आवाजाची आठवण काढतात. १८९७ सालीं एव्हरार्ड काल्थ्रॉप नांवाच्या इंग्रज इंजिनियरानें अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून जी छोटी आगगाडी बार्शीस आणली, तिची शिटी शंभराहून अधिक वर्षें ह्या गांवानें ऐकली. आतां तो मार्ग रुंद झाला आणि ती बारीक शिटीही गेली. गेलेल्या आवाजांची आठवण काढणारे पुष्कळ असतात. परंतु जो आवाज रोज सांजेस आपल्या डोक्यावर होत असतो आणि जो आपण जन्मांत एकदांही ऐकलेला नसतो, त्याची आठवण कोण काढणार?

तो आवाज ऐकण्याचा योग आम्हांस एका पावसाळ्याच्या आरंभीं आला, आणि तोही एका घरगुती तंट्याच्या निमित्तानें. आमच्या पेठेंत एक जुना माळवदाचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतींत, तुळईच्या टोकापाशीं, एक लांबट फट पडलेली आहे. त्या फटींत पाकोळ्यांची वस्ती. रोज सकाळीं ओट्यावर त्यांच्या काळ्या बारीक लेंड्या पडाव्यात आणि घरच्या सुनांनीं त्या कुरकुरत झाडाव्यात, असें किती वर्षें चाललें होतें कोण जाणे. शेवटीं तरुण मंडळींनीं गवंड्यास बोलावून फट सिमेंटानें बुजवून टाकावयाचें ठरविलें. ही वार्ता शेजारच्या बोळांत राहणाऱ्या, प्राणिशास्त्र शिकविणाऱ्या एका बाईंच्या कानीं गेली. त्या वाड्यांत आल्या आणि म्हणाल्या, "आठ दिवस थांबा, आणि एक संध्याकाळ मला द्या. ऐका, मग काय तें ठरवा."

अशा रीतीनें शनिवारच्या सायंकाळीं त्या वाड्यासमोरच्या मोकळ्या जागेंत पंचवीस-तीस माणसें जमलीं. त्यांत आडतीचे व्यापारी होते, दोघे-तिघे शिक्षक होते, सुना-लेकी होत्या, मुलें तर अर्थातच होतीं. आणि ओट्यावर घरच्या आजीबाई पाय पसरून बसल्या होत्या. बाईंच्या हातांत पुड्याएवढी एक लहान पेटी होती. त्या पेटींतून काय ऐकावयास मिळालें तें पुढें सांगूं. ती पेटी माणसाच्या हातीं येण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं, आणि उशीर झाला तो यंत्राच्या अभावापेक्षां माणसाच्या हट्टामुळें अधिक झाला, ही गोष्ट त्या सायंकाळीं बाईंनीं थोडक्यांत सांगितली व आम्हीं नंतर सवडीनें वाचून पाहिली. ती आधीं वाचकांपुढें ठेवावी असें आम्हांस वाटतें.

प्रथम नांवांकडे पाहूं. आपल्या भाषेनें ह्या प्राण्यास नांवें देण्यांत कृपणता केलेली नाहीं. संस्कृतांतील वल्गुली हा शब्द मराठींत येतां येतां वाघूळ झाला. वडावर वस्ती करणारें तें वटवाघूळ. घराच्या फटींतून निघणारी लहानगी जात ती पाकोळी. तें नांव पांखांवरून आलेलें दिसतें. संस्कृतांत चर्मचटिका असेंही नांव आहे. चामड्याची चिमणी हा त्याचा अर्थ उघड आहे. इटालियन लोक ह्यास पिपिस्त्रेल्लो म्हणतात. तो शब्द लॅटिनमधील सायंकाळवाचक शब्दापासून निघाला, आणि आपल्याकडील कांहीं पाकोळ्यांच्या शास्त्रीय नांवांतही तो जाऊन बसला आहे. म्हणजे कोणीं झाड पाहिलें, कोणीं पंख पाहिला, कोणीं कातडें, कोणीं वेळ. काक, टिटवी, कोकिळा हीं नांवें पांखरांस त्यांच्या आवाजावरून पडलीं. वटवाघळास आवाजावरून पडलेलें नांव आम्हांस एकही आढळलें नाहीं. हजारों वर्षें माणसांनीं ह्या प्राण्यास पाहिलें, भ्यालें, शिव्या दिल्या. ऐकलें मात्र नाहीं. पक्षी नव्हे आणि पशूही नव्हे, उलटें टांगून घेणारें, अंधारांत हिंडणारें, मुकें: असें हें अपशकुनाचें पात्र ठरून गेलें.

ह्या मुकेपणाविषयीं पहिली शंका इटलींतील पाविया नगरांत निघाली. तेथील विद्यापीठांत लाझ्झारो स्पाल्लानझानी नांवाचे एक धर्मोपदेशक सृष्टिशास्त्राचे अध्यापक होते. १७९३ सालीं, वयाची साठी उलटल्यावर, त्यांच्या असें लक्षांत आलें कीं, खोलींतील मेणबत्ती विझली म्हणजे घुबड गोंधळून भिंतींवर आपटतें. पण वटवाघूळ त्याच काळोखांत निर्वेधपणें उडत राहतें. त्यांनीं छतापासून दोरे टांगले. वटवाघूळ ते चुकवून गेलें. मग त्यांनीं कांहीं वटवाघळांचे डोळे नष्ट केले. ही क्रिया आज वाचतांनाही अंगावर कांटा येतो. परंतु तिचा निष्कर्ष विलक्षण होता. आंधळीं वटवाघळें डोळसांइतकींच सफाईनें उडत. पावियाच्या मोठ्या देवळाच्या घंटाघरांतून पकडलेलीं कांहीं वटवाघळें आंधळीं करून सोडून दिलीं, आणि पुढें त्यांतील जीं पुन्हा हातीं लागलीं, त्यांचीं पोटें किड्यांनीं इतरांसारखींच भरलेलीं आढळलीं. डोळ्यांवांचून ह्या जिवांचा संसार सुरळीत चालला होता.

ही वार्ता जिनीव्हास पोंचली. तेथील शस्त्रवैद्य लुई ज्युरीन ह्यांनीं १७९४ सालीं डोळे सोडून कान धरले. कानांत बोळा घातला कीं वटवाघूळ दिसेल त्यावर आदळूं लागे. स्पाल्लानझानींचा प्रथम ह्यावर विश्वास बसेना. त्यांनीं स्वतः हे प्रयोग पुन्हा केले. पितळेच्या अत्यंत बारीक नळ्या करून त्या कानांत बसविल्या. नळी मोकळी असली तर वटवाघूळ नीट उडे; तीच नळी बंद केली कीं धडपडे. तेव्हां त्या म्हाताऱ्या गृहस्थांनीं आपला पूर्वीचा तर्क सोडला आणि कान हाच वटवाघळाचा वाटाड्या आहे असें मान्य केलें. पण कान ऐकतो काय? खोली तर निःशब्द होती. ह्या प्रश्नाशीं ते अडखळले, आणि १७९९ सालीं त्यांस मरण आलें.

पुढें जें घडलें तें विद्वानांच्या इतिहासांत नवें नाहीं. पॅरिसचे जॉर्ज क्युव्हिए हे त्या काळीं प्राणिशास्त्रांतील सर्वांत वजनदार नांव होऊं लागलें होतें. त्यांनीं स्वतः प्रयोग न करितां असा अभिप्राय दिला कीं, वटवाघूळ पंखांच्या स्पर्शज्ञानानें मार्ग काढतें. एका इंग्रज निसर्गशास्त्रज्ञानें तर थट्टा केली कीं, वटवाघळें कानांनीं पाहत असतील तर डोळ्यांनीं ऐकत असतील काय? लोक हंसले. सव्वाशे वर्षें पाठ्यपुस्तकांत स्पर्शाचीच उपपत्ति शिकविली जात होती. प्रयोग खरे होते, हातांत होते, दोन देशांत पुन्हा पुन्हा करून पाहिलेले होते. तरी ते बाजूस पडले, कारण आमच्या कानास ऐकूं येत नाहीं तो आवाजच नव्हे, हें गृहीतच कोणी तपासून पाहिलें नाहीं.

तें गृहीत डळमळण्यास आरंभ झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. फ्रान्सिस गॉल्टन ह्यांनीं १८७६ च्या सुमारास एक लहान शिटी तयार केली. तिचा सूर चढवीत नेला कीं एका मर्यादेनंतर माणसास ऐकूं येईनासा होई, पण कुत्र्याचे कान टवकारलेलेच राहत. माणसाचा कान सेकंदास फार तर वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. वय वाढेल तसतशी ती मर्यादाही उतरत जाते. म्हणजे नातवास ऐकूं येणारा कांहीं ध्वनि आजोबांच्या जगांत नसतोच.

ह्यानंतरचें साल १९१२ हें आमच्या मतें ह्या कथेंतील मोठें चमत्कारिक साल होय. त्या वर्षाच्या एप्रिलांत टायटॅनिक जहाज हिमनगावर आपटून बुडालें. मशीनगनेच्या शोधानें प्रसिद्ध झालेले हायरम मॅक्सिम ह्यांनीं त्या अपघातानंतर असें मांडलें कीं, वटवाघूळ आपल्या पंखांच्या फडफडीचा प्रतिध्वनि ओळखून अडथळे टाळीत असावें, आणि जहाजांनाही तीच युक्ति शिकवावी. त्यांची दिशा चुकली होती. त्यांनीं माणसाच्या श्रवणापलीकडील ध्वनि खालच्या बाजूस शोधला, तो होता वरच्या बाजूस. पण प्रतिध्वनीची कल्पना बरोबर होती.

आणि त्याच १९१२ सालीं आपल्या मुलखांतही एक शोध लागला. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें १९११ पासून हिंदुस्थानांतील सस्तन प्राण्यांची पाहणी आरंभिली होती. वनखात्यांतून निवृत्त झालेले रॉबर्ट रॉटन हे तिचे मुख्य प्रवर्तक. तिचा पहिला संग्रह खानदेशांतला. पुढें ती पाहणी दक्षिणेकडे वळली, आणि बेळगांव जिल्ह्याच्या खानापूर भागांत, तळेवाडीजवळील बारापेडे गुहेंत, तरुण संग्राहक स्टॅनली प्रेटर ह्यांस मोठ्या कानांचीं, मोकळ्या शेपटीचीं कांहीं वटवाघळें सांपडलीं. लंडनच्या ओल्डफील्ड थॉमस ह्यांनीं १९१३ सालीं त्या जातीचें वर्णन करून तीस रॉटनांचें नांव दिलें. पुढें कित्येक दशकें जगांत ह्या जातीचें ठाऊक असलेलें घर म्हणजे ती एक गुहा. ह्या वटवाघळाची कांतडी मोजली गेली, दांत मोजले गेले, कान मोजले गेले. त्याच्या आवाजाविषयींची एक गोष्ट मात्र त्या वेळीं कोणाच्या ध्यानींमनींही नव्हती; ती आम्ही शेवटीं सांगूं.

१९२० सालीं केंब्रिजचे हॅमिल्टन हार्ट्रिज ह्यांनीं मॅक्सिमांची चूक दुरुस्त केली: वटवाघूळ अति उच्च स्वराची हांक घालीत असावें. महायुद्धांत पाण्याखालच्या बोटी हुडकण्यासाठीं अशा ध्वनीचा उपयोग करण्याचे प्रयत्न झालेलेच होते, त्यामुळें ही कल्पना आतां हास्यास्पद राहिली नव्हती. पण सिद्धता अजून बाकी होती. ती १९३८ सालीं झाली. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांतला एक विद्यार्थी, डोनल्ड ग्रिफिन, पिंजऱ्यांत वटवाघळें घालून पदार्थविज्ञानाचे अध्यापक जॉर्ज पिअर्स ह्यांच्या प्रयोगशाळेंत गेला. पिअर्सांपाशीं श्रवणातीत ध्वनि उतरवून माणसाच्या कानाजोगा करणारें यंत्र होतें. किड्यांचे आवाज अभ्यासण्यासाठीं त्यांनीं तें तयार केलें होतें. त्या यंत्रासमोर वटवाघूळ धरतांच जी खोली आजवर मुकी होती, ती एकदम बोलूं लागली.

ग्रिफिन आणि त्यांचे मित्र रॉबर्ट गॅलँबोस ह्यांनीं पुढील दोन-तीन वर्षांत दाखवून दिलें कीं, कान बंद केले तर वटवाघूळ चुकतें आणि तोंड बंद केलें तरीही चुकतें. हांक आणि तिचा प्रतिध्वनि ह्या दोन्हींवांचून त्याचें चालत नाहीं. हें ऐकून एका परिषदेंत एका नामांकित शास्त्रज्ञानें गॅलँबोसांस खांदे धरून हालविलें आणि हें तुम्ही खरोखरीच म्हणतां काय म्हणून विचारलें, अशी आख्यायिका आहे. प्रतिध्वनीवरून स्थान ओळखण्याच्या ह्या शक्तीस ग्रिफिन ह्यांनीं १९४४ सालीं शास्त्रीय नांव दिलें. पण आम्हांस विशेष कौतुक वाटतें तें हॉलंडच्या स्वेन डिक्ग्राफ ह्यांचें. दुसऱ्या महायुद्धांत त्यांचा देश परक्या सैन्यानें व्यापलेला, जवळ असें यंत्र नाहीं. १९४३ सालीं त्यांनीं केवळ कान देऊन ऐकलें. वटवाघळाच्या हांकेबरोबर एक अत्यंत क्षीण टक्‌टक्‌ होते, ती त्यांस ऐकूं आली, आणि वटवाघूळ अडथळ्याजवळ येतांच ती जलद होते हेंही त्यांनीं टिपलें. यंत्र नसतांही निव्वळ लक्ष देण्यानें किती साधतें ह्याचें ह्याहून चांगलें उदाहरण क्वचित् मिळेल.

आतां पुन्हा बार्शीच्या त्या वाड्यासमोर येऊं. सूर्य बुडाला. आकाशांत अजून तांबूस उजेड होता. पिंपळावरच्या साळुंक्या गप्प झाल्या. फटींतून प्रथम बारीक चिवचिव आली. ती पाकोळ्यांची आपसांतील कुरबुर, ती आपणांसही ऐकूं येते. मुलांनीं ती आमच्या आधीं ऐकली आणि आम्हां वडील मंडळींस बोटानें दाखविली. मग वाळलेलें पान गळावें तशी एक पाकोळी फटींतून सुटली, पाठोपाठ दुसरी, तिसरी. बाईंनीं पेटी वर धरली आणि एक चकती फिरविली.

पेटींतून आवाज आला: टक्, टक्, टक्, टक्. कोणी तरी नखानें परातीवर ठोके द्यावेत तसा. पाकोळी वळून आली कीं तो वाढे, दूर गेली कीं विरे. एवढ्यांत ठोके एकमेकांवर येऊं लागले, दाटले, आणि "टर्र" असा एकच लांब आवाज होऊन सगळें थांबलें. "धरला," बाई म्हणाल्या. "किडा धरला." एकच हशा आणि टाळ्या झाल्या. दर सेकंदास दहा-बारा हांका घालीत हिंडणारी पाकोळी भक्ष्य गांठतांना सेकंदास दोनशेंच्या घरांत हांका घालते. तोच हा टर्र. मग मुलांनीं मोजावयास सुरुवात केली, आणि पहिल्या पावसानंतर उठलेल्या त्या किड्यांच्या हंगामांत मोजणी लवकरच त्यांच्या हाताबाहेर गेली.

पेटीची करामत एका गाणाऱ्या शिक्षकांनीं फार सुरेख समजाविली. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित् कमीअधिक लागल्या असल्या म्हणजे दोहोंच्या मिळणीतून एक संथ डोल ऐकूं येतो. तारांचे सूर जवळ आणावे तसा डोल आणखी संथ होतो. पेटी हेंच करते. पाकोळीची हांक सेकंदास सत्तेचाळीस हजार कंपनांची असेल आणि पेटींत पंचेचाळीस हजारांचा सूर लावला असेल, तर दोहोंतील अंतर दोन हजारांचें. तेवढें आपल्या कानाच्या आवाक्यांत येतें. आपण ऐकतों तो हांकेचा मूळ सूर नव्हे. तिनें आपल्या जगांत टाकलेली सावली होय. आणि त्या हांकेचा हिशेब किती सूक्ष्म! ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. पुरुषभर अंतरावरील पतंगावर हांक आपटून परत येण्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. तेवढ्यांत पतंग कोठें, केवढा, कोणीकडे चालला, हें सारें त्या अंगठ्याएवढ्या देहास कळलेलें असतें.

आजीबाई इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "काय वो बाई, ही एवढं बोलत्यात तरी कुणासंगं?"

"आपल्याआपणाशींच, आजी," बाईंनीं उत्तर दिलें. "हांक मारायची आणि तीच परत आलेली ऐकायची."

आजीबाई थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग ती माझ्यावानीच की."

ह्यावर पुन्हा हशा झाला. पण त्यांची सून मात्र हंसली नाहीं, हें आम्हीं पाहिलें.

जमलेल्या आडत्यांचे कान टवकारले ते निराळ्या गोष्टीनें. बार्शीचा बाजार तुरीचा आणि ज्वारीचा. तुरीच्या शेंगा पोखरणारी घाटे अळी सर्वांच्या परिचयाची आहे. तिचा पतंग रात्रीं उडतो, आणि पाकोळ्यांचें अन्न म्हणजे अशाच रात्रिंचर किड्यांचें. एवढेंच नव्हे, तर ह्या कुळांतील पतंगांस वटवाघळाची हांक ऐकण्यापुरते कान निसर्गानें दिलेले आहेत. अमेरिकेंतील केनेथ रोडर ह्यांनीं १९५० नंतरच्या काळांत दाखविलें कीं, हांक दूर असली तर पतंग पाठ फिरवून पळतो आणि अगदी जवळ आली तर पंख मिटून जमिनीकडे झेप घेतो. आपल्या तुरीच्या शेतावर रोज रात्रीं अशी ऐकण्याची आणि ऐकून चुकविण्याची लढाई चालते, आणि शेताचा धनी बांधावर निजला असतां त्यास ती रात्र अगदी शांत वाटते.

आपल्या देशांतही ह्या प्राण्याकडे लक्ष देणारे अभ्यासक झाले. नागपुरांत प्रा. गोपाळकृष्ण ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांत वटवाघळांच्या गर्भवाढीचा अभ्यास आरंभिला आणि तो आयुष्यभर चालविला. फ्रान्सचे आंद्रे ब्रोसे ह्यांनीं मध्य व पश्चिम हिंदुस्थानांतील लेणीं, किल्ले आणि जुन्या इमारती धुंडून १९६२ च्या सुमारास येथील वटवाघळांवर विस्तृत लेखमाला लिहिली. मदुरैस चंद्रशेखरन् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनीं मोठें कार्य केलें. त्याच मदुरै जिल्ह्यांत पुळियंगुळम् नांवाच्या गांवीं एका वडावरील मोठ्या वटवाघळांस ग्रामस्थ देवाचीं मानून राखीत आले आहेत. हीं मोठीं फळखाऊ वटवाघळें हांकेवर चालत नाहींत. त्यांची भिस्त डोळ्यांवर आणि नाकावर. म्हणजे वडावरचीं आणि फटींतलीं ह्यांस एकाच मापानें मोजणें हीही चूकच.

कायद्यानें मात्र दीर्घकाळ असेंच एक माप लावलें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत फळखाऊ वटवाघळांची गणना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादींत होती. ती यादी २०२२ च्या दुरुस्तीनें रद्द झाली, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली. मधल्या काळांत भयाचीं दोन मोठीं कारणें उद्भवलीं. २०१८ सालीं केरळांतील कोळिकोडे भागांत निपाह रोगानें माणसें दगावलीं, आणि २०२० सालीं महामारी आली. वटवाघळांच्या अंगीं कांहीं विषाणु असतात हें खोटें नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या अभ्यासकांस २०२० सालीं महाबळेश्वरच्या गुहेंतील वटवाघळांतही निपाहच्या खुणा आढळल्या. म्हणून त्यांस हात लावूं नये, त्यांनीं उष्टावलेलें फळ खाऊं नये, लेंड्या झाडतांना नाकास फडकें बांधावें, हें बाईंनीं त्या दिवशीं बजावून सांगितलें. पण खबरदारी निराळी आणि संहार निराळा. घरें उद्ध्वस्त केलेलीं वटवाघळें नाहींशीं होत नाहींत, तीं पांगतात. शिवाय फटींत ह्या दिवसांत न उडतीं पिल्लें असण्याचा संभव असतो. पाकोळीस बहुधा जुळीं होतात. आई शिकारीस गेली असतां तीं आंतच राहतात. सिमेंट भरलें तर आई बाहेर आणि पिल्लें आंत राहणार, आणि तेथें चाललेला आक्रोश कोणत्याही माणसास ऐकूं यावयाचा नाहीं.

बाईंनीं हें मोठ्यानें सांगितलें नाहीं. पेटी बंद करतांना सहज सांगितल्यासारखें सांगितलें. तरी ओट्यावर एकदम शांतता पसरली.

आतां बारापेडेच्या त्या वटवाघळाची राहिलेली गोष्ट. ही दुर्मिळ जात पुढें मेघालयांत आणि कंबोडियांतही आढळली. ती गुहा ज्या भीमगडाच्या रानांत आहे तें २०११ सालीं अभयारण्य झालें. अलीकडे अभ्यासकांनीं ह्या जातीची हांक यंत्रावर टिपली, तेव्हां असें दिसलें कीं, इतर बहुतेक वटवाघळांप्रमाणें ती श्रवणातीत नाहीं. ती इतकी खालच्या स्वराची आहे कीं निरोगी माणसाच्या नुसत्या कानास ऐकूं यावी. स्पाल्लानझानींस जें मिळालें नाहीं, ग्रिफिन ह्यांस ज्यासाठीं यंत्र लागलें, तें आपल्या सह्याद्रीच्या एका गुहेच्या तोंडाशीं १९१२ सालींही सांजेस विनामूल्य ऐकावयास मिळत होतें. वटवाघूळ मुकें असतें हें मात्र सर्वांस आधींच ठाऊक होतें.

ह्या इतिहासाचें तात्पर्य आम्ही मोठ्या शब्दांत मांडूं इच्छीत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, पावियाच्या त्या वृद्धास उत्तर सांपडलें होतें आणि जगानें तें दीडशें वर्षें बाजूस ठेवलें, ह्याचें कारण त्याचा पुरावा दुबळा होता हें नव्हे. ऐकणाऱ्यांनीं आपल्या कानाची हद्द हीच जगाची हद्द मानली होती. हीच चूक वाड्याच्या फटीपाशीं आम्ही सर्व करीत होतों. फरक इतकाच कीं, येथें चूक सुधारण्यास एक संध्याकाळ पुरली.

भगवंताच्या ह्या नगरीचें नांव बारस ह्या तिथीवरून पडलें अशी लोकांची समजूत आहे. अंबरीष राजाचें द्वादशीचें व्रत आणि त्याच्या दारीं आलेले दुर्वास ही कथा येथें घरोघर ठाऊक आहे. अकाळीं दारीं आलेल्याचाही मान राखावा, असा त्या कथेचा एक अर्थ आमच्या आजीबाई लावतात. गवंड्यास त्यांनीं दिवाळीनंतर ये म्हणून निरोप धाडला. दिवाळीनंतर तो आला. त्यानें ओट्याची फरशी नीट केली, जिन्याची पायरी बसविली, आणि फटीखालीं एक रुंद फळी ठोकून दिली. फट आहे तशी आहे. फळीवर पडलेल्या लेंड्या सून नाकास पदर लावून दर आठवड्यास झाडते आणि परसांतील शेवग्यास घालते. शनिवारीं संध्याकाळीं पेठेंतील मुलें अजूनही त्या वाड्यासमोर जमतात. पेटी दर वेळीं असतेच असें नाहीं. नसली तर तीं नुसतीं वर पाहत उभीं राहतात, आणि एखादी पाकोळी हवेंत एकाएकीं गिरकी घेऊन वळली कीं त्यांतलें एक जण हळूच म्हणतें, "धरला."